आवर

गेले काही महिने एक बूट माझ्या डोक्यातून जात नाही. डाव्या पायाचा, निळा, वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांचा. थेरपी केंद्राच्या दाराशी असलेल्या खणात तो तसाच राहिला होता आणि त्याचा जोडीदार उजव्या पायात घालून माझा दहा वर्षांचा मुलगा लिफ्टचे बटण दाबत उभा होता. डाव्या पायात नुसता मोजा, त्याचीही टाच वर आलेली. एरवी यात नवल वाटावे असे काही नव्हते. आमच्याकडे असे रोज घडते. पण त्याआधीची वीस मिनिटे तो व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभे करणारा, हेडसेट लावून एका आभासी घरात वावरत होता आणि तो जे पाहत होता ते मी शेजारच्या पडद्यावर पाहत होतो. घराबाहेर पडण्यापूर्वी करायच्या पाच गोष्टी त्याला एकदाच सांगितल्या गेल्या होत्या: खिडकी लावायची, कुंडीला पाणी घालायचे, दिवा मालवायचा, वही दप्तरात ठेवायची आणि शेवटी बूट घालायचे. मध्येच फोन वाजला, कोपऱ्यातला टीव्ही आपोआप सुरू झाला, एक लाल चेंडू घरंगळत पायाशी आला. त्याने चेंडूकडे मान वळवली, क्षणभर थांबला आणि कुंडीकडे निघून गेला. पाचही गोष्टी त्याने क्रमाने केल्या. बुटांजवळ पोचल्यावर त्यांच्याभोवती पिवळसर प्रकाशाची एक कड उमटली आणि त्याने बूट घातले. दोन्ही.

म्हणूनच लिफ्टपाशी माझ्या तोंडून निघून गेले, "तिथे जमतं, मग इथे का जमत नाही?" आम्हाला सोडायला आलेल्या थेरपिस्ट ताईंच्या कपाळावर एक बारीक आठी उमटून गेली. तो मात्र दुखावला वगैरे गेला नाही. आपल्याला खरोखरच काहीतरी विचारले आहे असे समजून त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "तिथे चमकतं ना, बाबा."

मी परत जाऊन बूट घेऊन आलो.

आमच्या घरात सकाळी सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे 'आवर'. आवर लवकर. आवरलं का? अजून आवरलं नाही? दारामागून, स्वयंपाकघरातून, मोजे शोधता शोधता, चढत्या स्वरात. हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलो, पण त्यात किती गोष्टी कोंबलेल्या आहेत हे मला मुलाच्या एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या अवस्थेचे, निदान झाल्यानंतरच जाणवले. आपण पसारा आवरतो, म्हणजे वस्तू जागच्या जागी लावतो. सकाळी स्वतःचे आवरतो, म्हणजे अनेक लहान कामे योग्य क्रमाने आणि वेळेत उरकतो. आणि हसू, रडू, राग, मोह आवरतो, म्हणजे आतून उसळलेले काहीतरी धरून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ ज्याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि मराठीत ज्याचे 'कार्यकारी क्षमता' असे एखाद्या समितीच्या ठरावात शोभेल असे भाषांतर केले जाते, तिचे तीन मुख्य घटक मानले जातात: उसळी दाबून धरणे, सांगितलेले डोक्यात खेळते ठेवणे आणि परिस्थिती बदलली की मनाचा रोख बदलणे. मला तर ही सगळी एका 'आवर'चीच अंगे वाटतात. ज्याला आवरणे हेच अवघड, त्याला आम्ही दिवसातून पन्नास वेळा तेच एक क्रियापद आज्ञार्थात ऐकवत होतो.

डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला 'नीट बघ' असे ओरडून सांगण्यासारखेच ते.

निदानाच्या त्या दिवसांत मी बरेच वाचले. जॉर्ज स्टिल नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनमधल्या आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा दोष ठेवला तो त्यांच्या 'नैतिक' ताब्यावर. तो शब्द वैद्यकातून कधीच गेला. घराघरांतून आणि वर्गावर्गांतून गेला असे मला वाटत नाही. शाळेच्या वहीत एकदा शेरा आला होता, "लक्ष देण्याची इच्छाच नाही. गेम मात्र तासन्‌तास खेळतो, असे त्याच्याच बोलण्यातून कळले." तो वाचून मी चिडलो आणि त्याच संध्याकाळी, जवळजवळ त्याच शब्दांत, त्याला रागावलो. नंतर रसेल बार्कले या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे लेखन हाती आले. काय करावे हे या मुलांना ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते ऐन वेळी हातून घडत नाही, ही खरी अडचण आहे, असे तो १९९०च्या दशकापासून मांडत आला आहे. त्याचे लांबलचक प्रतिपादन वाचताना माझ्या मनात सारखे आजीच्या तोंडचे चार शब्द येत होते: कळतं पण वळत नाही. आजी ते तक्रारीच्या सुरात म्हणायची. इथे तेच निदान म्हणून मांडलेले होते.

आणखी एका अभ्यासाने मला बरेच दिवस धीर दिला. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी मुलांच्या मेंदूच्या चित्रांची वर्षानुवर्षांची मालिका तपासली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी एका टप्प्यावर कमाल पातळी गाठते आणि मग उतरू लागते. इतर मुलांमध्ये हा टप्पा साधारण साडेसातव्या वर्षी येत होता, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षी, आणि हा उशीर कपाळामागच्या भागात सर्वांत ठळक होता. अर्थात ही सरासरी आहे, कोणा एका मुलाचे भविष्य नव्हे. पण तीन वर्षे हा आकडा मी घट्ट धरून ठेवला. दहा वर्षांच्या मुलाकडून मी दहा वर्षांचे वागणे मागत होतो. सातच्या मुलाने एक बूट विसरला असता तर हसलो असतो.

औषधाबद्दल इथे फार लिहीत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू आहे, त्याचा उपयोग होतो, आणि तो होतो हे मान्य करायला मला वर्ष लागले. व्हीआर त्याच्या जोडीला आले, त्याची जागा घ्यायला नव्हे. हे ताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते, तरी त्या हेडसेटकडे पाहताना माझ्या मनात एक चोरटी आशा असायचीच, की हे यंत्र एकदा नीट बसले की बाकी सगळे सुटेल.

यंत्र नीट बसणे हेसुद्धा सोपे नसते. हेडसेट प्रौढांच्या डोक्याच्या मापाने घडवलेला असतो. दोन भिंगांमधले अंतर दोन बुबुळांमधल्या अंतराशी जुळावे लागते. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, मुलांमध्ये त्याहून कमी. ते जुळले नाही तर चित्र पुसट दिसते आणि डोळे थकतात. शिवाय आभासी चेंडू नाकापुढे आला की डोळे तिरळे होऊन त्याच्याकडे वळतात, पण भिंगांतून दिसणारा पडदा मात्र ठरावीक अंतरावरच असतो, त्यामुळे डोळ्यांच्या दोन कामांत ओढाताण होते. डोळे सांगतात आपण चाललो आहोत, कानातला तोल सांगतो आपण उभेच आहोत, आणि पोट या भांडणाचा निकाल आपल्या परीने लावते. सोनीने आपल्या हेडसेटसाठी १२ वर्षांची अट घातली आणि मेटाने आपली १३ वर्षांची अट २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० पर्यंत खाली आणली, ती उगाच नव्हे. आमचे सत्र म्हणूनच वीस मिनिटांचे. ते संपले की त्याच्या कपाळावर आणि गालांवर फोमच्या कडेचा लालसर गोल उमटलेला असतो, केस घामाने चिकटलेले असतात, आणि पहिली काही मिनिटे तो खोलीतल्या वस्तूंना हळूच हात लावून पाहतो. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, माझे मनगट.

एकदा मीही तो हेडसेट लावला. आत आधीच्या कोणाच्या तरी घामाचा आणि पुसायच्या स्पिरिटचा संमिश्र वास होता. माझ्यासाठी लावला होता तो वर्ग. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अल्बर्ट रिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या आसपास एक आभासी वर्ग तयार केला होता. त्याच धर्तीवरचा हा. तुम्ही बाकावर बसलेले असता, समोरच्या फळ्यावर एकामागून एक इंग्रजी अक्षरे उमटतात, आणि 'ए'नंतर लगेच 'एक्स' आला तरच बटण दाबायचे. एवढेच. दरम्यान वर्गात कागदी विमान उडते, खिडकीबाहेरून गाडी जाते, कोणीतरी दार उघडून आत येते. बटण किती वेळा चुकले याच्या जोडीला तुमची मान किती वेळा आणि कुठे वळली हेही यंत्र टिपत राहते. पालकांना आणि शिक्षकांना भरायला दिलेल्या प्रश्नावलीत 'लक्ष सहज विचलित होते: कधीकधी, अनेकदा, नेहमी' अशा चौकटी असतात आणि मी त्या भरताना आदल्या दिवशी तो कसा वागला यावर माझे उत्तर ठरत असे. मानेच्या वळणाला असा कालचा राग नसतो, ही गोष्ट मला आवडली.

मी दोनदाच चुकलो. दहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या परीक्षेत चांगले गुण मिळाल्याचा मला जो आनंद झाला, त्याची आता लाज वाटते. मुलगा शेजारीच बसून पडद्यावर पाहत होता.

"कंटाळा नाही आला?"

"आला की. खूप आला."

"मग तू करत का राहिलास?"

मला उत्तर सुचेना. "करायचं होतं म्हणून," असे काहीतरी मी म्हणालो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी आपण कान हलवून दाखवणाऱ्या माणसाकडे टाकतो. कौतुक होते, थोडा अविश्वास होता, आणि हा स्नायू आपल्याकडे कुठे असतो याचा शोधही होता. कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण कंटाळा येऊनही हात चालू ठेवणारी जी काही गोष्ट माझ्या आत न मागता काम करते, ती मला कोणी शिकवली नव्हती आणि त्याने ती नाकारली नव्हती. तासन्‌तास गेम खेळण्याचे कोडेही इथेच सुटते. खेळात दर काही सेकंदांनी काहीतरी घडते, हातून झालेल्या गोष्टीचे उत्तर लगेच मिळते, त्यामुळे त्या स्नायूची गरजच पडत नाही. गृहपाठाचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते आणि वर्षभर केलेल्या अभ्यासाचे वर्षअखेरीस. त्याच्यासाठी हे दोन्ही क्षितिजापलीकडे.

वर्गाहून मला अधिक जवळचा वाटला तो घराचा खेळ. फिनलंडमधल्या संशोधकांनी 'एपेली' नावाचा असा एक खेळ बनवून एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांना खेळायला दिला आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूल एका आभासी घरात रोजची साधी कामे करते. काही कामे ठरलेल्या वेळीच करायची असल्याने अधूनमधून स्वतःहून घड्याळ पाहावे लागते. किती कामे झाली एवढेच तिथे मोजत नाहीत, कामाशी संबंध नसलेल्या किती वस्तू हाताळल्या आणि हातातला कंट्रोलर किती हलत राहिला हेही मोजतात. हे वाचताना मला आमच्या सकाळचा नकाशाच कोणीतरी काढल्यासारखा वाटला. न्हाणीघराकडे निघालेला मुलगा वाटेत पेन्सिल उचलतो, तिचे टोक पाहतो, शार्पनर शोधायला वळतो, खणात जुना लोहचुंबक सापडतो. दहा मिनिटांनी तो लोहचुंबकाने कपाटाच्या बिजागऱ्या तपासत असतो आणि त्याला कोणीतरी ओरडून विचारते, आवरलं का?

पण एपेली हे मोजण्याचे साधन आहे, आणि मोजणे म्हणजे सुधारणे नव्हे. आमच्या सत्रांतला खेळ शिकवण्यासाठीचा आहे, आणि त्यावरचा माझा मुख्य प्रश्न तोच, लिफ्टपाशी भलत्या सुरात विचारलेला. खेळात कमावलेले खेळाबाहेर येते का? अभ्यासकांनी याला 'स्थानांतरण' असा शब्द ठेवला आहे. संगणकावर कार्यस्मृतीचे, म्हणजे सांगितलेले डोक्यात खेळते ठेवण्याचे, व्यायाम करणारी मुले त्या व्यायामांत आणि त्यांच्यासारख्याच इतर चाचण्यांत पुढे जातात; अभ्यास, वागणूक, रोजचे व्यवहार यांपर्यंत तो फायदा क्वचितच पोचतो, असे गेल्या दशकातले एकत्रित आढावे सांगतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी 'एंडेव्हर आरएक्स' या खेळाला मान्यता दिली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा पहिला व्हिडिओ गेम म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. तो व्हीआर नव्हे, साध्या टॅबलेटवरचा. त्यामागच्या मुख्य अभ्यासात ३४८ मुले होती. रोज २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. संगणकावरच्या अवधानाच्या चाचणीत हा खेळ खेळलेली मुले शब्दखेळ खेळलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. घरी काय फरक दिसला, असे पालकांना विचारले तेव्हा दोन्ही गटांतल्या पालकांनी सारखीच सुधारणा सांगितली.

हा शेवटचा तपशील मी दोन-तीनदा वाचला. त्या सगळ्या घरांतले बूट माझ्या डोळ्यांपुढे आले.

व्हीआरच्या बाजूने एक म्हणणे असे, की चौकोनी पडद्यावरच्या खेळापेक्षा प्रत्यक्ष अंगाने वळून, वाकून, हात पुढे करून केलेले काम खऱ्या कामाच्या अधिक जवळ असते, म्हणून त्यातून बाहेर येण्याची वाट तुलनेने आखूड असावी. मला हे पटते, पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे, आणि आतापर्यंतचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. मी स्वतः एकाच मुलाचा साक्षीदार आहे, तोही पक्षपाती. एवढे मात्र सांगू शकतो, की खेळातली ती पिवळी कड कायम राहत नाही. ताईंनी दाखवले: पातळी वाढते तशी ती उशिरा उमटते, मग फिकी होते, मग मुलाने मागितली तरच येते आणि शेवटी येतच नाही. आधार द्यायचा आणि मग तो इतक्या हळू काढून घ्यायचा की गेल्याचे कळू नये. घरी मी पहिली पायरी वगळून थेट शेवटच्या पायरीवर उभा होतो.

तेव्हा घरी चमक आणायची असे मी ठरवले. अंधारात चमकणारी चिकटपट्टी आणली, बुटांच्या खणावर लावली, दप्तराच्या खुंटीवर लावली, दाराजवळ चित्रांची एक पट्टी केली. पहिला आठवडा अगदी दृष्ट लागण्यासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या भिंतीत विरघळल्या. म्हणजे होत्या तिथेच, पण त्याला त्या दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एक पट्टी काढून त्याने कपाळावर चिकटवली आणि रात्री दिवा घालवून आम्हा सगळ्यांना घाबरवले. मी रागावलो. खेळ कधी रागावत नाही, हे तेव्हाच लक्षात आले. चूक झाली की तो एक मऊसा आवाज करतो आणि थांबतो. बरोबर झाले की किणकिणतो, दर वेळी, न थकता, विसाव्या वेळीही पहिल्याइतकाच आनंदाने. एका संध्याकाळी मी स्वतःची मोजदाद केली. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत मी त्याला एकतीस सूचना दिल्या होत्या. 'छान' दोनदा म्हणालो, त्यातले एकदा फोनवर, दुसऱ्याच कोणाला तरी. एखाद्या यंत्राचा मत्सर वाटावा अशी वेळ आपल्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. शाळेला निघायची वेळ, घड्याळ पुढे गेलेले, तो दारात उभा. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मोजा. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने स्वतःच पायांकडे पाहिले आणि हसला. "बाबा, चमकव ना."

मी खिशातून फोन काढला, त्याचा टॉर्च लावला आणि उजेडाचा गोल खणातल्या बुटावर धरला. त्याने बूट घातला. वेल्क्रो चर्रकन वाजला, एकदा, दोनदा. मग त्याने फोन माझ्या हातातून घेतला. "थांब, आता मी बघतो काय राहिलं ते." दिवसाढवळ्या तो फिकट गोल खोलीभर फिरू लागला. घड्याळावर थांबला. पाण्याच्या बाटलीवर थांबला; त्याने ती उचलली, काखेत धरली. पंख्याच्या पात्यांवर उगाचच थोडा रेंगाळला, खिडकीकडे गेला, तिथून खुर्चीवर उतरला. दप्तर खुर्चीवरच होते. गोल दप्तरावरून पुढे सरकला, भिंतीवर चढला, छताकडे निघाला. मी जिभेच्या टोकावर आलेला शब्द कसाबसा आवरला, आणि गोल परत फिरतो का ते पाहत उभा राहिलो.